मगदूम सिस्टरांची पहाट

मगदूम सिस्टरांचं हृदय सकाळीच थांबवण्यात आलं, आणि ते थांबलं तेव्हा थिएटरमध्ये कुणीही धावपळ केली नाही. पडद्यावरची हिरवी रेघ सपाट झाली. डॉ. तब्बसुम मुजावर मास्कच्या आडून फक्त "छान" म्हणाल्या आणि त्यांनी न बघता हात पुढे केला. शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरनं त्या हातात कात्री ठेवली.

नाओमी वायदंडे भिंतीपाशी उभी राहून बघत होती. तिचं काम अजून सुरू व्हायचं होतं. मिरजेच्या या रुग्णालयात ती रिकव्हरीची प्रमुख परिचारिका होती. शस्त्रक्रियेनंतर माणूस जागा होतो ती खोली तिची. अशा 'गारठ्यातल्या' केसेस तिनं पुष्कळ पाहिल्या होत्या. टेबलावरच्या बाईंच्या अंगात या क्षणी रक्ताचा थेंब नव्हता. श्वास नव्हता, नाडी नव्हती, मेंदूत साधा तरंग नव्हता. जुन्या काळचा कुठलाही डॉक्टर आला असता, तर त्यानं पांढरी चादर तोंडावर ओढली असती.

खरं तर युक्ती जुनी होती. थंडीत पेशींची भूक कमी होते, हे डॉक्टरांना कधीपासून ठाऊक होतं. शरीर दहा अंशांपर्यंत उतरवलं तर मेंदूला प्राणवायू जेमतेम लागतो, तो तासन्‌तास उपाशी तग धरतो. अडचण असायची ती परत ऊब देताना. पेशींची आवरणं फाटत, मेंदू सुजे. मग लडाखच्या उंचीवर अख्खा हिवाळा झोपून काढणाऱ्या मार्मोट या गुबगुबीत प्राण्याच्या रक्तात एक प्रथिन सापडलं. पेशींना ते जणू तेलाचा हात लावून ठेवतं. ते प्रयोगशाळेत बनवता येऊ लागलं आणि फाटलेल्या महाधमनीची माणसं वाचायला लागली. त्यांचं रक्त काढून बाजूला ठेवायचं, अंगात गार द्रव खेळवायचा, निवांत शिवणकाम करायचं, आणि मग रक्त परत भरून माणूस उबेत आणायचा.

मगदूम सिस्टरांची महाधमनी सकाळी चहा गाळताना चिरली होती. ट्रॉलीवरून आत येताना त्या शुद्धीवर होत्या. नाओमीला बघून म्हणाल्या, "टाचांखाली कापडाची घडी दे गं. थंड पडलेल्या अंगाला लवकर जखमा होतात."

"देते, सिस्टर."

"आणि माझ्याशी बोलत राहा. शेवटी कान मिटतात."

हे नाओमीला त्यांनीच शिकवलं होतं. वैजयंती मगदूम म्हणजे एके काळी इथल्या थिएटरच्या मुख्य सिस्टर. विद्यार्थिनी असताना नाओमीचे हात अवजारं देताना थरथरायचे. मगदूम सिस्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तुझे हात राहू देत. तुझा आवाज चांगला आहे. माणसाला झोपवायला औषध आहे, जागं करायला माणूसच लागतो. तू रिकव्हरीत जा." त्या एका वाक्यावर तिचं आयुष्य उभं राहिलं होतं.

टाचांखाली घड्या नीट आहेत ना, हे एकदा चाचपून नाओमी बाहेर आली. आता तिला सिस्टरांचं आयुष्य ऐकायचं होतं.

हा तिच्या कामाचा भाग होता, आणि गारठ्याच्या आधीच्या काळात कुणाच्या स्वप्नातही आला नसता असा. ऊब मिळाल्यावर मेंदू एकदम जागा होत नाही, हे पहिल्या काही रुग्णांनीच दाखवून दिलं होतं. आठवणी जुन्याकडून नव्याकडे येतात. लहानपणच्या आठवणींची मुळं खोल आणि दाट, म्हणून त्या आधी जिवंत होतात. कालपरवाच्या आठवणी धाग्यासारख्या बारीक, म्हणून सगळ्यांत शेवटी. नाओमी नव्या मुलींना सांगायची, "कृष्णेचा पूर ओसरताना पाहिलाय ना? आधी देवळाचं शिखर दिसतं, मग छपरं, मग गल्ल्या, आणि शेवटी उंबरे. तसंच." काही तासांत माणूस आपलं सबंध आयुष्य ओळीनं चढून आजपर्यंत येतो. त्या तासांना रुग्णालयात सगळे 'पहाट' म्हणत, मग ती भर दुपारी का होईना.

पहाटेच्या खोलीत घड्याळ नसे, आरसा नसे. नातेवाइकांना मज्जाव असे, कारण दहा वर्षांच्या मुलीला आपला म्हातारा नवरा दाखवला तर ती किंचाळते. परिचारिकेनं खोटं बोलायचं नाही आणि पुढचं काही सांगायचं नाही. फक्त विचारायचं, धीर द्यायचा, वाट बघायची.

बाहेर बाकावर सुकुमार मगदूम बसले होते. साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून निवृत्त झालेले, सडपातळ, डोक्यावर एकही काळा केस नसलेले. नाओमी त्यांच्या शेजारी बसली. त्यांनी भराभर सांगितलं: सिस्टरांचं माहेर शिरोळकडचं सीमेवरचं खेडं, घरात कानडी, शाळा मराठी. मग नर्सिंग, लग्न, आणि उशिरा झालेली एकुलती एक मुलगी, मृण्मयी, घरातली मिनू.

इथे ते अडखळले. नाओमीला पुढचं माहीत होतं, सगळ्या रुग्णालयाला माहीत होतं. मृण्मयी पुण्यात वास्तुकला शिकत होती. हॉस्टेलवरून फोन आला, ताप आहे म्हणून. हे दोघं पोचेपर्यंत मेंदूज्वरानं तिला बेशुद्ध केलं होतं. ती पुन्हा उठली नाही. त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

"नाओमी," सुकुमारकाका हळू आवाजात म्हणाले, "तो थांबा असतो ना तुमच्याकडे?"

ती दचकली. थांबा म्हणजे एक इंजेक्शन. पहाट होताना कुणाचा रक्तदाब बेफाम वाढला, तर ते देऊन मेंदूला गाढ झोपवत. जीव वाचे, पण पाण्याबाहेर आलेलं तेवढंच राही. जे अजून बुडालेलं असे, ते पुन्हा कधी वर येत नसे.

"तो जिवावर बेतलं तरच देतात, काका."

"तिच्या जिवावर एकदा बेतलंय. पुन्हा कशाला?" त्यांनी तिचा हात धरला. "मिनू कॉलेजात आहे, तिथपर्यंत येऊ दे तिला. तिथंच थांबव. मी सांगेन, मिनू परदेशात असते म्हणून. रोज नवं सांगेन. मरेपर्यंत सांगेन. मला जमेल."

"आणि तुमची ही अकरा वर्षं?"

"काय होतं गं त्यांत?" काका म्हणाले. "रडणंच होतं."

नाओमी उठली. ती फक्त म्हणाली, "मी आत असेन. तुम्ही इथून हलू नका."

दुपारी डॉ. मुजावरांनी शिवण पुरी केली. कात्र्या, सुया, रक्त टिपायचे मॉप, सगळ्यांची मोजणी जुळली, रक्त परत फिरू लागलं, अंश अंश करत ऊब चढली. तिसाव्या अंशाच्या आसपास हृदय एकदा थरथरलं, थांबलं, आणि मग कुणी दार ठोठावावं तसं ठोके देऊ लागलं. नाओमीनं डोळे क्षणभर मिटून घेतले. या क्षणाला ती दर वेळी मनातल्या मनात प्रार्थना म्हणे.

पहाटेच्या खोलीत आणल्यावर तिनं श्वासाची नळी काढली, ओठ ओले केले, मान एका बाजूला वळवली, पावलांची ऊब हातानं तपासली. मेंदूच्या आलेखावर जागेपणाची पहिली लहर उठली तेव्हा खिडकीतून ऊन खाटेच्या पायाशी आलं होतं.

"अव्वा," मगदूम सिस्टर म्हणाल्या. आवाज बारीक, रडवेला. "अव्वा, नीरु."

आईकडे पाणी मागत होत्या. मिरजेत राहणाऱ्याला एवढी कानडी येतेच. "कोडतीनि," नाओमी म्हणाली, देते हं, आणि चमच्यानं दोन थेंब जिभेवर सोडले. अडुसष्ट वर्षांच्या त्या चेहऱ्यावर तीन वर्षांच्या पोरीचं समाधान पसरलं. सुरकुत्या तशाच होत्या, पण त्यांच्याखालून कुणी कोवळं बघत होतं.

मग कानडीत मराठी मिसळू लागली. नदीत सूर मारणारी मुलगी आली, चिंचा चोरणारी आली, मोठ्या भावाशी भांडणारी आली. नाओमी विचारी, "मग काय झालं?" आणि आयुष्य आपण होऊन पुढचं पाऊल टाकी.

एकाएकी सिस्टरांचे हात चादरीवर आले. उजवीकडून डावीकडे, एकेक अदृश्य वस्तू त्या मांडू लागल्या. बोटांचा अंदाज असा पक्का, की नाओमीला चादरीवर कात्री दिसली, चिमटे दिसले, सुया दिसल्या. तरुण, धारदार आवाज आला, "मॉप एक कमी आहे, सर. पोट शिवायचं नाही."

नाओमीनं लगेच ओळखलं. ही गोष्ट तिनं विद्यार्थिनी असताना दंतकथेसारखी ऐकली होती. नवख्या मगदूम सिस्टरनं बड्या सर्जनला टाके घालू दिले नव्हते.

"सर ओरडतायत का, सिस्टर?" तिनं विचारलं.

"ओरडू देत. मी दोनदा मोजलेत." कपाळाला घाम आला. नाडी वाढली.

"कुठं असेल तो?"

सिस्टरांची मिटलेली बुबुळं पापण्यांखाली फिरली. "यकृताच्या मागं बघा... आणखी आत. हां! आला." मोठा निःश्वास. "आता शिवा, सर."

नाडी खाली आली. नाओमीनं त्यांच्या कपाळावरचा घाम टिपला. आकाशातले तारे, समुद्र, डोंगर बघून माणसं भारावतात. तिच्यासमोर दीड हात रुंदीच्या खाटेवर एक सबंध माणूस पुन्हा उगवत होता. कुणी त्याला घडवत नव्हतं. तो आपला आपणच आठवत चालला होता.

पुढे लग्न आलं. सिस्टर खुदकन हसल्या. "यांच्या अंगाला मळीचा वास येतो गं. कारखानाच घरी घेऊन येतात." पुढे बाळंतपण आलं. त्यांनी हात छातीशी असे दुमडले, की नाओमीनं नकळत आवाज खाली आणला. पुढे शाळेचे डबे, तापातल्या रात्री, पुण्याला सामान पोचवणं. आता सिस्टरांचे डोळे उघडे होते. त्या खोलीभर बघत होत्या.

"मिनूचा फोन आला का?"

नाओमीनं रक्तदाब पाहिला. वाढत होता.

"तुम्हाला काय आठवतंय, सिस्टर?"

"ताप आहे म्हणाली. साधा असेल. पण आवाज बरा नव्हता." श्वास जोरात चालू झाला. "गाडी काढा म्हणावं यांना. फोन का लागत नाहीये तिचा?"

एकशे साठ. एकशे पंच्याहत्तर. महाधमनीवरची शिवण अजून ओली होती. नाओमीनं उशाकडची बाजू उंच केली, दाब उतरवायचं औषध सुरू केलं, भिंतीवरचं बटण दाबलं. डॉ. मुजावर दुसऱ्या शस्त्रक्रियेत अडकल्या होत्या. त्यांचा आवाज स्पीकरवर आला. "किती?"

"एकशे ऐंशी, मॅडम. मुलीपाशी आल्या आहेत."

पलीकडून लगेच उत्तर आलं. "दोनशेपर्यंत शिवण धरेल. त्यापुढे मी सांगू शकत नाही. थांबा भरून ठेव. दोनशेच्या आत तुझा निर्णय."

नाओमीनं इंजेक्शन भरलं. सुई सलाइनच्या नळीशी धरली. अंगठा टेकवला की सिस्टर शांत झोपतील. उद्या उठतील, मिनूचा फोन आला का विचारतील, आणि बाहेर बसलेला माणूस सांगेल, परदेशात आहे. कुणाचंही वाईट होणार नव्हतं. फक्त या खाटेवर उगवत आलेला माणूस अर्धवट राहिला असता, आणि आपलं अर्धं कुठं गेलं हे त्याला कधी कळलं नसतं.

सिस्टर पुन्हा म्हणाल्या, "कुणीतरी सांगा ना गं मला."

कुणीतरी. नाओमीला एकदम वाटलं, ही आठवण या एकटीची नाहीच. ती दोघांवर मिळून कोसळली होती. एकटीनं ती कशी उचलायची? आणि नातेवाइकांना आत न घेण्याचा नियम होता तो त्यांचे म्हातारे चेहरे बघून रुग्ण घाबरू नये म्हणून. आता काकांचा चेहरा आणि सिस्टर पोचल्या होत्या तो काळ जवळ आले होते.

इंजेक्शन हातात तसंच धरून तिनं दार उघडलं. "काका, आत या."

सुकुमारकाका उभे राहिले. तिच्या हातातली सुई बघून म्हणाले, "दे ना मग! वाट कसली बघतेस?"

"दोनशेला पोचल्या तर देईन. त्याआधी तुम्ही या. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, मी मध्ये बोलणार नाही. पण हे त्यांना माझ्याकडून, परक्या बाईकडून, कळू नये."

ते आत आले. खाटेच्या कठड्याला धरून ते वाकले. तोंड उघडलं, रोज नवं सांगायचं ठरवलेलं त्यातलं पहिलं वाक्य ओठांवर आलं असावं. पण शब्द फुटला नाही.

सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग सलाइन लावलेला हात सावकाश वर गेला आणि त्यांच्या केसांना लागला.

"हे पांढरे," त्या म्हणाल्या. "त्या दिवसांत झाले. पुण्याहून येताना काळे होते थोडे. दहाव्या दिवशी मी बघितलं तर..."

हात थबकला. यंत्र किंचाळू लागलं. एकशे नव्वद. एकशे शहाण्णव.

"मिनू गेली," सिस्टर म्हणाल्या.

सुकुमारकाकांनी कपाळ कठड्यावर आपटलं आणि ते रडू लागले, अकरा वर्षांत बायकोसमोर रडले नसतील असे, मोठ्यानं, लहान मुलासारखे. त्यांचा श्वास अडकू लागला. नाओमीचा अंगठा इंजेक्शनच्या दट्ट्यावर होता. आकडा एकशे अठ्ठ्याण्णव झाला.

आणि तिनं ऐकलं.

"श्वास घ्या," सिस्टर सांगत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज सपाट होता. हजारो माणसांच्या उशाशी उभा राहिलेला आवाज. "नाकानं घ्या. सावकाश. आता सोडा. माझ्याबरोबर. पुन्हा घ्या... मी आहे इथं. सोडा." त्यांचा तळवा नवऱ्याच्या पाठीवर वरखाली होत होता, आणि प्रत्येक 'घ्या'बरोबर त्यांची स्वतःची छातीही भरत होती, प्रत्येक 'सोडा'बरोबर रिकामी होत होती.

एकशे नव्वद. एकशे ऐंशी. यंत्राचा आक्रोश थांबला.

नाओमीनं सुई खाली ठेवली. तीही सिस्टरांच्या त्याच तालावर श्वास घेत होती. खोलीत दोन रुग्ण आणि एक परिचारिका होती, आणि परिचारिका ती नव्हती.

डॉ. मुजावर धावत आल्या तेव्हा दाब उतरलेला होता. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं, न वापरलेल्या इंजेक्शनकडे पाहिलं, आणि नाओमीच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवून त्या आल्या तशा परत गेल्या.

पूर अजून ओसरत होता. राहिलेली वर्षं आता उंबऱ्याशी आली. सुकुमारकाका स्टुलावर बसून होते. त्यांना बाहेर जायला कुणी सांगितलं नाही.

"तुम्ही सहा महिने बोलला नाहीत माझ्याशी," सिस्टर मध्येच म्हणाल्या.

"हो."

"मग एके दिवशी भाकरी करायला बसलात. मी झोपून होते, उठतच नव्हते म्हणून." त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. "पहिली भाकरी कसली, मांजराच्या कानासारखी झाली होती. तुम्ही म्हणालात, वैजू, ही खा, ही नाही खाल्लीस तर दुसरी याहून वाईट होईल."

काकांनी डोळे पुसले. "ते आठवतंय तुला?"

"मी हसले होते. मिनू गेल्यावर पहिल्यांदा. आणि मग मला हसल्याची लाज वाटली, तर तुम्ही म्हणालात, तिला आवडलं असतं." त्यांनी मान काकांकडे वळवली. "तेव्हापासून रोज रात्री गच्चीवर बसायला लागलो आपण. तुम्ही तिच्या लहानपणच्या गोष्टी सांगायचात. मी ड्युटीवर असायचे ना, कितीतरी मला ठाऊकच नव्हत्या. शाळेतून येताना ती कुत्र्याचं पिल्लू दप्तरात घालून आणायची, हे मला ती गेल्यावर कळलं."

काका तिच्याकडे बघत राहिले. सकाळी बाकावर बसून ज्यांचा त्यांनी एका शब्दात निकाल लावला होता, ती वर्षं त्यांची बायको एकेक करून त्यांच्यापुढे मांडत होती.

संध्याकाळपर्यंत सिस्टर आजपर्यंत येऊन पोचल्या. चहा गाळत होते, म्हणाल्या, छातीत काहीतरी चिरलं. नाओमीनं त्यांची पाठ पुसली, कूस बदलली. नाओमीला त्यांनी नावानं हाक मारली, वय झालं गं तुझं, असंही म्हटलं. वॉर्डात न्यायची वेळ झाली होती.

तेव्हा सुकुमारकाका खाली मान घालून म्हणाले, "वैजू, एक सांगायचंय. मी हिला म्हटलं होतं, तुला मध्येच थांबव म्हणून. मिनू होती तिथंच. तुला पुन्हा ते सोसायला नको, असं वाटलं."

नाओमी चादरीच्या घडीत गुंतल्यासारखं करत राहिली.

सिस्टर रागावल्या नाहीत. बराच वेळ त्या नवऱ्याच्या पांढऱ्या डोक्याकडे बघत होत्या, मोजून झाल्यावरही पुन्हा मोजणाऱ्या माणसासारख्या.

"आणि मग," त्यांनी विचारलं, "तुम्ही तिच्याबद्दल बोलला असता कुणाशी?"